गव्हाणच्या शेतातला होलोग्राम

होलोग्रामला लेझर लागतो, काळोख लागतो आणि कमालीची स्थिरता लागते. यातलं शेवटचं मला पनवेलमध्ये मिळेना. आमची इमारत हायवेला लागून, ट्रक गेला की मांडणीतली भांडी वाजायची. होलोग्रामची काच, म्हणजे फोटोच्या फिल्मसारखा लेप लावलेली, केसाच्या शतांशानं जरी हलली तरी चित्र उमटत नाही, नुसती काळी राहते. अशा चार काचा वाया गेल्यावर माझं डोकं फिरलं. कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या बाईला एक होलोग्राम जमू नये, हे मला सहन होईना.

पाचवी आणि शेवटची काच घेऊन मी अमावस्येला गव्हाणच्या पुढे गेले. उरण रस्त्यापासून बरंच आत, एका पडीक वाटणाऱ्या भातखाचरात सामान मांडलं. नवरा सोबतीला आला होता. तो रस्त्यावर गाडीतच बसला आणि झोपला. त्याला कुठेही झोप लागते. मला मात्र खाडीकडून येणारा प्रत्येक आवाज माणसाचा वाटत होता.

वाळूच्या घमेल्यात पितळी अडकित्ता रोवला. लेझर लावून त्याच्यापुढे काळा पुठ्ठा उभा केला आणि चाचपडत अडकित्त्यापुढे काच बसवली. पाच मिनिटं सगळं स्थिर होऊ दिलं, मग पुठ्ठा उचलला. लाल उजेड काचेवरून पार बांधापर्यंत पसरला. आता तीस सेकंद हलायचं नाही, बोलायचं नाही.

दहापर्यंत मोजलं आणि मागे अगदी जवळून आवाज आला, "कोन हाय?"

मी गप्प राहिले. त्याची आजही लाज वाटते, पण तेव्हा मला काचेपलीकडे काही सुचत नव्हतं.

पुन्हा तोच प्रश्न आला, तिथूनच. आवाज पुरुषाचा होता. मनात काठी, कोयता, काय काय येऊन गेलं. ओरडले असते तरी नवऱ्यापर्यंत पोचलं नसतं. मी आकडे मोजत राहिले, कारण आता मागे वळायचीही छाती होत नव्हती.

तीस झाले. लेझर बंद केला, काच डब्यात घातली आणि मग टॉर्च लावला. चार हातांवर साठीचा एक माणूस उभा होता. हातातली काठी त्यानं घट्ट रोवून धरली होती.

"रातची मोजनी करताव?" तो म्हणाला. "आमाला कलू नये म्हनून?"

विमानतळासाठी कुणाची जमीन जाणार, याच्या चर्चा तेव्हा गावोगाव चालल्या होत्या. मोजणीवाल्यांच्या यंत्रातही असाच लाल उजेड असतो. मी शिक्षिका असल्याचं सांगितलं, अडकित्ता दाखवला, दहा वेळा माफी मागितली. त्याला एवढंच विचारायचं होतं, त्याचा बांध त्या काचेत आला का. नाही म्हटलं, तरी त्यानं माझ्याकडून पोरांची शपथ वदवून घेतली. मग तो मटकन बांधावर बसला आणि त्याचे हातपाय कापायला लागले.

पहाटे घरी काच रसायनात धुतली. अडकित्ता लखलखीत उमटला होता, पातं न पातं दिसत होतं. आनंदानं नवऱ्याला हाक मारायला गेले आणि थबकले. खाचरातल्या त्या मऊ मातीत त्या शेतकऱ्यानं नुसतं पाऊल उचललं असतं, तरी काच काळी राहिली असती. आपली जमीन जातेय असं समजून तो माणूस माझ्यामागे, लाल उजेड पडल्यापासून तीसही सेकंद, जागचा हलला नव्हता.