अंधारात हलणारी सुई

माझी पीएचडी बुडवली आमच्या गाईडनं. नशिबानं नाही, लोडशेडिंगनंही नाही. बारामतीच्या कॉलेजातली ती लॅब मी कधीच सोडली, पण चहाला बसलो की कुणीतरी म्हणतंच, "सरांचा एखादा होऊन जाऊ दे!" किश्श्यांना तोटा नाही. माणूस अजून नोकरीत आहे ना!

आमचं काम म्हणजे काचेच्या पट्टीवर कॅडमियम सेलेनाईडचा पातळ थर चढवायचा. त्यावर उजेड पडला की करंट वाढतो, मीटरची सुई वर जाते. आई आमच्या कळंब गावभर सांगत सुटली होती, "पोरगं उजेड मोजतंय माजं!"

*

कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष आबा लॅब बघायला आले. उभी हयात साखर कारखान्यात गेलेली. मी म्हणालो, "आबा, ह्याचा कण जितका बारीक, तितकी किंमत जास्त."

आबा सरांकडं वळले. "आमच्यात दाणा मोठा तर भाव जास्त. हे पोरगं उलटंच शिकलंय व्हय?"

सर लगेच म्हणाले, "नवीन आहे, आबा. करून घेतो मोठा!"

*

सरांनी हातमोजे कधी आणले नाहीत. माझा जोडीदार विलास, वडगाव निंबाळकरचा. त्या रसायनानं त्याची नखं कायमची तांबडी झाली. सोयरीक बघायला पाहुणे आले, नखांवर नजर गेली. सर मध्यस्थ. म्हणाले, "पान खातो जरा."

मुलीचे वडील उठले. "नखांनी खातो व्हय?"

सोयरीक मोडली.

*

उरलेलं कॅडमियमचं पाणी सर लॅबमागच्या पपईला घालायचे. विलास म्हणाला, "सर, विष हाय त्ये."

"तू खाणार आहेस का पपई?"

"न्हाय."

"मग गप."

झाड पपयांनी लगडलं. सरांनी करंडी भरून आबांच्या घरी पाठवली. स्वतः एक फोड चाखली नाही!

*

थराची परीक्षा काळोखातही घ्यायची असते. तिथं सुई हलता कामा नये. आमची हलायची. हळूच वर, मग खाली, थोडी थांबून परत वर. सर हरखले. "थर आपोआप जागा होतोय! नवा शोध!" पेपर लिहिला, पहिलं नाव त्यांचं.

पुण्याच्या परिषदेच्या आदल्या दिवशी मी डार्करूमचा आतला पडदा बाजूला केला. मागं खाटेवर सर आडवे, तोंडात सिगारेट. झुरका घेतला, विस्तव फुलला की सुई वर! मी सांगितलं, तर म्हणाले, "तोंड उघडलंस तर तुझ्या थिसिसवर माझी सही विसर."

परिषदेत एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी सरांना सोडून मलाच विचारलं, "मोजलंस तू ना? मग अंधारात सुई हलवतंय कोण?"

"सर. पडद्यामागं सिगारेट ओढतात."

हॉलमध्ये हशा फुटला. प्राध्यापक मात्र हसले नाहीत. म्हणाले, "पडद्याआडची सिगारेट पकडली? मग डिटेक्टर फारच चांगला झालाय की!"

सरांनी सही केली नाही. माझी पीएचडी गेली.