कडेचं प्यादं

सेठजींनी पहिली चाल केली की समोरच्याला वाटे, म्हाताऱ्याचा चुकून धक्का लागला. अख्खं जग मधलं प्यादं पुढे सारतं. आमच्या सिंदी रेल्वे गावचे सरकी-ढेपवाले सेठजी थेट कोपऱ्यातलं, हत्तीपुढचं. दोन घरं! या सलामीने जिल्ह्यातल्या निदान चाळीस खेळाडूंची झोप उडाली. एकाने तर बुद्धिबळ सोडून भजनी मंडळ धरलं.

"काऊन हो सेठजी, कडेचंच?" मी विचारी.

"दुकानाच्या फळ्या कडेपासूनच काढा लागतेत, बाबू. मधातली पहिले काढशीन तं समदं टाळक्यात येईन."

मग वर्ध्याची जिल्हा स्पर्धा आली. शेवटचा डाव. जिंकले तर सेठजी आयुष्यात पहिल्यांदा पहिले, बरोबरी झाली तर तिसरे. समोर हिंगणीचे निवृत्त मास्तर. सेठजींचं तेच प्यादं तीन तास बैलगाडीच्या चालीने सरकत शेवटून दुसऱ्या घरात पोचलं. आणखी एक चाल, की वजीर! अडवायला मास्तरांकडे चिटपाखरू नव्हतं. मी टाळीसाठी हात उचलले, आणि मास्तरांनी हात पुढे केला.

"बरोबरी, सेठजी?"

असा निगरगट्टपणा मी सरपंचाच्या निवडणुकीतही पाहिला नाही. आणि सेठजींनी तो हात चटकन हातात घेतला!

पंच उडालेच. "सेठजी, नक्की ना?"

सेठजींनी पटाकडे पाहिलं. "हात देल्ला न् भाऊ. सौदा झाला."

बाहेर आल्यावर मी तडकलो. "जितून राह्यलते ना तुमी!"

"कापसाच्या बाजारात उभा जन्म गेला, बाबू. समोरून हात आला का आपला आपोआप जाते. चाल दिसेपर्यंत हात पोचलाबी होता."

गाडीत ते सेलूपर्यंत मांडीवर बोटाने प्यादं सरकवत होते. मग हळूच म्हणाले, "वजीर होत होता ना रे?"

"पुढच्याच चालीले."

"हं." आणि एकदम असे गडगडून हसले, की वरच्या बाकावरचा झोपलेला माणूस स्टेशन आलं समजून खाली उतरला.

आता दुकान बंद. सेठजी अमरावतीला लेकीकडे असतात, मोबाईलवर कोणाकोणाशी खेळतात. परवा फोन आला. "हरलो, बाबू. समोरच्यानं बरोबरी मागतली होती, म्या नाई म्हटलं."

"काऊन हो?"

"त्यानं हात कुठं पुढं केल्ता?"