न चाखलेले सार

अरब मुलखातल्या अल अझीझियातल्या फ्लॅटमध्ये यून साहेबांचा स्वयंपाक करणारा रत्नागिरीचा वली परकार चाखल्याशिवाय ताट वाढत नसे. २००६ साली चुसोक, हा कोरियन लोकांचा सुगीचा सण, रमजानातल्या शुक्रवारी आला. साहेबांची आई त्याच वर्षी वारली होती. गावी जाणे जमले नाही, म्हणून तिचा पहिला नैवेद्य इथेच मांडायचा होता. वलीने तांदळाच्या उकडीत तिळाचे सारण भरून अर्धचंद्राच्या आकाराच्या करंज्या उकडल्या आणि पितरांना वर्ज्य असलेली मिरची व लसूण टाळून अळकुड्यांचे सार केले.

साहेब आईच्या तसबिरीपुढे वाकणार, तेवढ्यात वलीला राहवले नाही.

"साहेब, रोजा आहे, मीठ चाखलं नाही. अळणी झालं असेल तर आईसाहेब मला बोल लावतील."

"अरे वेड्या, नैवेद्य आधी चाखायचाच नसतो. लहानपणी मी चाखला आणि तिचा मार खाल्ला!"

साहेब नमस्काराला वाकले. पण जेवायला मात्र वलीसाठी मगरिबला, सूर्यास्ताला रोजा सुटेपर्यंत थांबले. सार खरोखरच अळणी होते. वलीने ओशाळून मिठाची बरणी पुढे सरकवली.

"राहू दे," साहेब म्हणाले. "तिचंही दर सणाला असंच व्हायचं."