व्यायच्या आधीचा रतीब

माझ्या मेव्हणीच्या खेळात काहीही घडत नाही. हे मी जळून सांगत नाही. (जळतो, पण तो विषय वेगळा.) चंदगडकडचा एक फाटा, एक झाड, झाडाखाली एक दगड. दगडावर बसायचं आणि एस.टी.ची वाट बघायची. मधूनच एक कुत्रं येतं, त्याच्याशी हवं तर बोलायचं. एस.टी. कधी येते, कधी येतच नाही. संपला खेळ! शाळेतली नोकरी सांभाळून शुभांगीनं हा मोबाईलवरचा खेळ एकटीनं बनवला, आणि एवढ्यासाठी जगभरातली माणसं तिला दर महिन्याला आपणहून पैसे पाठवतात.

मीही खेळच बनवतो. त्यासाठी पुण्यातली बरी चाललेली नोकरी सोडून मी उचगावला घरी येऊन बसलो होतो. माझा खेळ म्हणजे म्हशी पळवणं. पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवतात, मालक मोटारसायकलवर पुढं निघतो आणि म्हैस दोरीबिरी काही नसताना गाडीच्या आवाजामागं सुसाट धावते. माझ्या खेळात गल्ल्या होत्या, हलगी होती, आडवा येणारा उसाचा ट्रॅक्टर होता. फक्त म्हैस पळत नव्हती. तिचे तीन पाय पुढं जायचे आणि मागचा उजवा पाय काही तरी विसरल्यासारखा परत फिरायचा. त्या एका पायावर माझे आठ महिने गेले होते.

इकडं बायको, म्हणजे वैशाली, रोज ताटावर बसलं की बहिणीच्या बातम्या वाढायची. कॅनडातला कोणी एक गृहस्थ म्हणे कामावर जायच्या आधी दहा मिनिटं शुभीच्या फाट्यावर बसतो, त्याशिवाय त्याचा दिवस जात नाही. कॅनडात करमणुकीची साधनं कमी असतील, असं मी म्हणालो. वैशालीनं माझ्या ताटातली अर्धी भाकरी मोडून परत टोपलीत ठेवली.

शेवटी, ही बाई लोकांना देते तरी काय, हे बघायला लोकांना पैसे पाठवता यावेत म्हणून तिनं इंटरनेटवर नुकतंच उघडलेल्या पानावर मी गुपचूप जाऊन महिन्याला पैसे भरणारा आधारकर्ता झालो. नाव दिलं ‘एक हितचिंतक’. (माझ्या खात्याची अवस्था नाजूक असल्यामुळं पैसे वैशालीच्या खात्यातून जायचे.) दर महिन्याला खेळात एक छोटी नवी गोष्ट यायची. एकदा त्या कुत्र्याला पिल्लं झाली. मी दोन दिवस पिल्लांशी बोलत बसलो होतो, अर्थात अभ्यास म्हणून.

मग माझ्या डोक्यानं घेतलं. तिच्या नुसत्या दगडाला एवढं मिळतं, तर माझ्याकडं तर अख्खी म्हैस आहे. मीही तसंच पान उघडायचं ठरवलं आणि आण्णांना सांगितलं. आण्णा म्हणजे माझे वडील. त्यांनी जन्मभर घरोघरी दुधाचा रतीब घातलेला. धार काढता काढता त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजी लोकं म्हैन्याला पैसं देणार. आन तू काय देणार?”

“खेळ.”

“त्यो झालाय व्हय?”

“होईल की.”

“आरं, म्हैस व्यायच्या आधी कोण रतीब धरतंय? चार दिस लोकं भांडं घिऊन दारात उभी ऱ्हातील. पाचव्या दिशी त्येच भांडं डोस्क्यात घालतील.”

जुन्या पिढीला नव्या धंद्यातलं कळत नाही, असं मनाशी म्हणून मी त्याच दुपारी पान उघडलं. महिनाअखेर म्हैस धावताना दाखवीन, असं वर ठळक लिहिलं. अकरा आधारकर्ते मिळाले. त्यातले दहा नातेवाईक होते आणि अकरावा ब्राझीलचा कोणी होता, तो वाट चुकून आला असावा. आता नातेवाइकांचा रतीब म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं. सकाळी मामाचा फोन यायचा, म्हैस पळली का? दुपारी आत्याचा. ब्राझीलवाला बिचारा काही बोलत नव्हता, पण मला त्याच्याच नजरेची भीती वाटायची.

महिना संपत आला आणि तो उजवा पाय काही वठणीवर येईना. त्यातच आमच्या गल्लीतल्या मंडळानं शुभांगीचा सत्कार ठरवला. ज्या मंडळाच्या गणपतीला मी दरवर्षी वर्गणी देतो त्या मंडळानं, माझ्या दारापासून दोनशे पावलांवर मांडव घालून, माझ्या मेव्हणीचा! अध्यक्ष कोण, तर आण्णा. मला सतरंज्या टाकायला या म्हणून निरोप आला. त्या दिवशी मी दुपारचा जेवलो नाही.

सूड म्हणून मी सत्काराच्याच वेळेला पानावर थेट प्रक्षेपण जाहीर केलं. खेळातली म्हैस पळत नसेल तर खरी पळेल! आमची चंद्री पाडव्याला दोनदा पहिली आलेली. आण्णांची जुनी फटफटी बाहेर काढली, मोबाईल मागच्या कॅरिअरला उलट्या तोंडानं बांधला, म्हणजे बघणाऱ्यांना धावणारी चंद्री समोरून दिसावी. हेल्मेट घातलं, गोठ्याचं दार उघडलं आणि गाडीला किक मारली.

चंद्री पळाली. चारही पाय काय सुंदर पडत होते! पहिली पाच मिनिटं मी स्वतःवर इतका खूश होतो की शुभांगीला माफ करून टाकलं. मग रस्त्याला वळण आलं, मी गाडी जरा हळू केली आणि चंद्रीची शिंगं कॅरिअरला लागली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की म्हैस पळवायची कशी हे मी लहानपणापासून बघितलं होतं, पण ती थांबवायची कशी हे कधीच बघितलं नव्हतं. ते आण्णा करायचे. जिभेनं काहीतरी वाजवायचे आणि एक शब्द बोलायचे. मी होतं नव्हतं ते सगळं ओरडून बघितलं. थांब म्हटलं, बास म्हटलं, शेवटी हात जोडायला गेलो तर गाडी डुगडुगली. गाडी थांबवली तर चंद्री अंगावर, आणि पेट्रोल तर मी सकाळी बेतानंच घातलेलं. चंद्रीला थांबवणारा माणूस जगात एकच होता आणि तो त्या वेळी मांडवात अध्यक्षपद भूषवत होता.

मी मांडवाकडं वळलो. तिथं शुभांगीच्या खांद्यावर शाल पडली होती, हातात हार होता आणि आण्णा माईकवर बोलत होते. मी मधल्या वाटेनं आत शिरलो, मागून चंद्री. माणसं खुर्च्यांसकट बाजूला झाली. आण्णांनी भाषण तोडलं नाही. माईकमधूनच जीभ वाजवली आणि म्हणाले, “चंद्रे, हुबी.” चंद्री जागच्या जागी उभी राहिली. मी मात्र सतरंज्यांच्या ढिगात जाऊन थांबलो. (टाकायला माणूस न आल्यामुळं त्या तशाच रचून ठेवलेल्या होत्या.) डोकं वर काढलं तेव्हा चंद्री शुभांगीच्या हातातला हार शांतपणे खात होती आणि लोक टाळ्या वाजवत होते.

घरी वैशाली माझ्या गुडघ्याला हळद लावत होती, जरुरीपेक्षा जोरात. शुभांगी समोर बसली होती. मला राहवलं नाही. पैसे मागायचे कधी हे तुला कसं कळलं, असं मी विचारलंच.

“मी मागितलेच न्हाईत, दाजी,” ती म्हणाली. “तीन वर्षं खेळ फुकट दिला. मग लोकंच विचाराय लागली, तुला काय द्यायचं? तवा पान उघडलं. आन पयला रतीब कुणी लावला सांगू? कुणी एक हितचिंतक. पैसं ताईच्या खात्यातनं आलते.”

वैशालीचा हळदीचा हात थांबला. मला एवढा जाळ त्या हळदीनंही झाला नव्हता. पण शुभांगी हसली नाही. विचारणारे पुष्कळ होते, पण पहिला महिनाभर त्या एकाशिवाय कोणीच आलं नाही, तोही नसता तर मी पान बंद करणार होते, असं ती म्हणाली आणि खरोखर मनापासून म्हणाली. म्हणजे जिच्यावर मी एवढा जळलो, तिचं दुकान चालू ठेवलं ते मीच.

मी माझं पान त्याच आठवड्यात मिटवलं. नातेवाइकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ब्राझीलवाला तेवढा शुभांगीकडं गेला.

पुढच्या महिन्यात तिच्या खेळात नवी गोष्ट आली. फाट्यावर बसलं की आता कधीतरी हेल्मेट घातलेला एक माणूस फटफटीवरून समोरून जातो आणि त्याच्या मागं एक म्हैस. जाताना तो ‘थांब, थांब’ म्हणतो. हे बघायला तिच्याकडं दुप्पट माणसं आली. तिच्या म्हशीचा मागचा उजवा पाय बरोब्बर पडतो, तेही मी नीट बघून घेतलं.

हितचिंतकाचा रतीब बंद करून टाक, असं वैशाली रोज सांगते. पण कसा करणार? तो माणूस शेवटी थांबतो की नाही हे पुढच्या महिन्यात कळणार आहे, आणि तेही फक्त पैसे भरणाऱ्यांना.