बाबांची कच्ची लसूण

बाबा लालबागला मसाल्याच्या दुकानात दिवसभर उभे असायचे. संध्याकाळी पायांना मुंग्या यायच्या. लसणीने रक्त पातळ राहतं, असं त्यांनी गावी ऐकलेलं. म्हणून रोज सकाळी ते एक पाकळी वाटीने ठेचून मधातून खायचे आणि थोडी मलाही द्यायचे. कॉलेजात पहिल्या तासाला मी तोंड मिटून बसायचे.

पुढे डॉक्टरांनी त्यांना रक्त पातळ करायच्या गोळ्या दिल्या. "आणखी काही औषध घेता?" या प्रश्नाला बाबा अगदी प्रामाणिकपणे "नाय" म्हणाले. आमच्या घरी लसणीला कोण औषध म्हणणार? बोलावं की नाही, मला कळेना. शेवटी मीच डॉक्टरांना लसणीचं सांगितलं.

"जेवणातली चालेल," डॉक्टर म्हणाले, "पण गोळ्यांसोबत रोज कच्ची नको. रक्तस्राव होऊ शकतो."

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "गो चेडवा, एवढी एक चैन होती, ती पण घालवलीस!"

दुसऱ्या सकाळी पुन्हा ठेचण्याचा आवाज आला. मी घाबरून धावले. त्यांनी ठेचलेली अख्खी पाकळी माझ्यापुढे धरली. "तुका खंय बंदी आसा? खा."

माझं कॉलेज संपेपर्यंत ते माझ्यासाठी लसूण ठेचायचे, बोटं हुंगायचे आणि मग चहा घ्यायचे.