न वाजलेला भोंगा

ही गोष्ट माझ्या तोंडून बाहेर पडताना मीसुद्धा पहिल्यांदाच ऐकते आहे. नवऱ्याला सांगितली नाही. आई शेवटच्या आजारात होती तेव्हा तिच्या उशाशी बसून सांगावी असं फार वाटलं — नाही सांगितली. आता तुला सांगायला बसले आहे, तर सुरुवात कुठून करू? एकदम मुद्द्यावर आले तर तू उठून जाशील. म्हणून जरा लांबून येते. लांबून येणं हासुद्धा भित्रेपणाच आहे, ते मला कळतं. तरी ऐक.

आमचं गाव विजयदुर्गच्या अलीकडे, समुद्राला लागून. वडील आयुष्यभर दुसऱ्यांच्या बोटींवर खलाशी. मी मालवणात राहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, पुण्यात थोडी नोकरी केली, आणि लग्न होऊन परत इकडेच आले. देवगडच्या बाजारात एक गाळा घेऊन टीव्ही, रेडिओ, इन्व्हर्टर दुरुस्त करायला लागले. दोन हजार तीन-चारची गोष्ट. बाईमाणूस हातात सोल्डरिंगची बंदूक घेऊन बसते, हे बघायला लोक मुद्दाम दुकानासमोरून जायचे. काम मात्र द्यायचे नाहीत. बिघडलेला रेडिओ माझ्या पुढ्यात ठेवून विचारायचे, "घरवालो खंय गेलो?" काम येत असेल तर नवऱ्यालाच, असं धरून.

मग मी तो डबा केला.

लाकडी बोटीच्या तळात थोडं पाणी येतंच. कधी पाण्याखालच्या पंख्याच्या दांड्यापाशी फट पडते आणि गुपचूप जास्त येतं, आणि कळेपर्यंत मागची बाजू जड झालेली असते. वडिलांच्या बोटीवर एकदा असं होता होता वाचलं होतं. म्हणून मी तळात एक तरंगता खटका बसवला, त्याची वायर वर केबिनमध्ये डब्यापर्यंत आणली. पाणी वाढलं, खटका उचलला गेला, की भोंगा वाजणार. पण लाटांनी तळातलं पाणी हिंदकळतं, भोंगा उगाचच वाजत राहतो, आणि मग बोट चालवणारा तांडेल वैतागून वायरच तोडतो. माझी हुशारी इथे होती. डब्यात मायक्रोकंट्रोलर होता — झुरळाएवढी एक चिप, आत माझा छोटासा प्रोग्रॅम. ती जरा थांबून बघायची, पाणी खरंच वाढलंय की नुसतं हललंय. खरंच वाढलं असेल तरच भोंगा. बाकी वेळ एक हिरवा दिवा: सगळं ठीक आहे.

पहिला डबा घेतला अंकुशशेठनी. त्यांच्या बोटीचे तांडेल होते सदूकाका, माझ्या वडिलांचे मित्र, लहानपणी मला खांद्यावर बसवून जत्रेत नेणारे. डबा घ्या म्हणून शेठना त्यांनीच गळ घातली होती. तो एकदा खरंच वाजला, वेळेवर वाजला, आणि बंदरावर बातमी झाली. मग एकेक जण येऊ लागला. "घरवालो खंय" विचारणारेसुद्धा आले. मला किती बरं वाटलं, ते कसं सांगू?

आता दोषाकडे येते.

दुकानात एक डबा जुन्या, दमलेल्या बॅटरीवर लावून ठेवला होता. एके दिवशी खटका उचलला, तर भोंगा वाजेना. हिरवा दिवा मात्र लागलेला. मला वाटलं, आपलाच प्रोग्रॅम चुकला. सगळा तपासला, काही सापडेना. बॅटरीची वायर काढून परत लावली — लगेच वाजला. अधूनमधून असं व्हायला लागलं, तशी मी कणकवलीला सायबर कॅफेत जाऊन चिपच्या कंपनीच्या साइटवर शोधलं. चिप बनवणारे आपल्या चिपमधले दोष स्वतःच जाहीर करतात, तुला माहीत आहे? मला तोवर माहीत नव्हतं. तिथे स्पष्ट लिहिलं होतं. वीज पूर्ण न जाता नुसती खाली घसरली आणि पुन्हा वर आली, तर ही चिप कधी कधी मधेच अडकते. पुढे जात नाही, नव्याने सुरूही होत नाही. दिवा लागलेला असेल तर लागलेलाच राहतो.

बोटीवर वीज कधी घसरते? इंजिन चालू करताना. रोज.

उपायही तिथेच दिला होता. वीज घसरली की चिपला पहिल्यापासून सुरू करायला लावणारा, तीन पायांचा एक बारीकसा भाग बाहेरून जोडायचा. मी तो मुंबईहून मागवला आणि त्यानंतरच्या प्रत्येक डब्यात बसवला. आणि आधीचे? जे बोटींवर चढून समुद्रात गेले होते ते? पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढल्या की एकेक करून बदलू, असं ठरवलं. पावसाळ्याला अवकाश होता.

तू म्हणशील, तोवर दुसरं काय करणार होतीस? तेच तर. तोवरचा उपाय एका वाक्याचा होता. "इंजिन चालू झालं की डब्याची बॅटरीकडची वायर एकदा काढून लावा." बस. चिप नव्याने सुरू झाली असती. हे वाक्य बोलायला मला बंदरावर जाऊन यायचं होतं, एवढंच. सदूकाका तर दर आठवड्याला दुकानावरून जायचे, आत डोकावून हाक मारायचे. मी त्यांना चहा पाजला. वाक्य नाही बोलले. बोलले असते तर त्यांनी विचारलं असतं, का गो? आणि मग बंदरावर झालं असतं की हिच्या यंत्रात खोट आहे. नुकतीच कुठे माणसं माझ्यावर विश्वास ठेवू लागली होती—

नाही. कारणं देणं इथेच थांबवते.

पावसाच्या थोडं आधीची दुपार. सकाळची जाळी ओढून अंकुशशेठची बोट खाडीच्या तोंडाशी नांगरली होती. बाकीचे खलाशी मासळी घेऊन छोट्या होडीने किनाऱ्यावर आलेले. बोटीवर दोघंच: सदूकाका आणि त्यांचा धाकटा भाऊ नामू. नामूला ताप होता. तो इंजिनाशेजारच्या अरुंद जागेत गोळी घेऊन झोपला होता. सदूकाका पुढच्या टोकाला बसून जाळं सांधत होते. वारा उठला, समुद्र खवळला. मागून पाणी भरत होतं, ते त्यांना कळलं तेव्हा मागची बाजू लाटेखाली गेली होती. ते नामूला हाका मारत मागे धावले. दार पाण्याच्या दाबाने उघडेना. आजूबाजूच्या बोटींनी दोर टाकून ही बोट अर्धी बुडलेली धरली आणि उथळ पाण्यात ओढून आणली. सदूकाकांना जिवंत काढलं. नामूला नंतर काढलं.

मी दुकानात होते. कुणीतरी येऊन सांगितलं, आणि पहिला विचार माझ्या मनात कोणता आला असेल? नामूचा नाही. सकाळी इंजिन नीट चालू झालं असेल ना, हा.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला बोट वाळूवर कोरडी पडली होती. तळातलं पाणी उपसलेलं. अंकुशशेठनी मला बोलावून घेतलं. केबिन उंचावर, तिथवर पाणी चढलंच नव्हतं. बॅटरी आणि डबा कोरडे होते. खाली बरीच माणसं जमलेली. सदूकाका बोटीला टेकून उभे होते, अंगात कुणाचा तरी सदरा. ते मला म्हणाले, "मी जागोच होतंय गो बाय. भोंगो वाजलोच नाय."

मी त्यांना एकच विचारलं. काल सकाळी इंजिन कसं चालू झालं? त्यांना काही समजेना, मी हे का विचारतेय. म्हणाले, बॅटरी बसली होती, रडत रडत चालू झालं.

वर गर्दी नको म्हणून मी एकटीच चढले. हिरवा दिवा लागलेला होता. मागे जाऊन तळातला खटका हाताने उचलला आणि धरून ठेवला. नेहमी थांबते त्याहून कितीतरी जास्त थांबले. काही नाही. लाटांचा आवाज तेवढा. ज्याची भीती वाटत होती तेच समोर आलं, तरी माणसाला असा धक्का बसतो? मला बसला. मी त्या ओल्या लाकडावर तशीच बसून राहिले.

आणि मग मी जे केलं ते ऐक. यासाठीच इतकं लांबून आले.

मी उठले. केबिनमध्ये गेले. डब्याची बॅटरीकडची वायर काढली, आणि परत लावली. मग बाहेर येऊन अंकुशशेठना हाक मारली, म्हटलं, बघा आता. सगळ्यांसमोर खटका उचलला. भोंगा वाजला. किनाऱ्यावर शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेला. मी म्हटलं, "डब्यात काही बिघाड नाही."

काल शेजारच्या बोटींवर भोंगा कुणी ऐकला नव्हता, पण त्या वाऱ्यात तो तिथवर पोचला नसेल, असंच सगळ्यांनी धरलं. माणसं नुसती सदूकाकांकडे बघायला लागली. नामूची बायको सुलभा दोन बायकांच्या आधाराने मागे उभी होती. ती पुढे आली. "भावजी, तुमी निजलास?" एवढंच तिने विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खटका सोडून देत होते, भोंगा बंद होत होता. मी मान खाली घातली.

काय वाटतं तुला — त्या क्षणी मी घाबरले होते म्हणून तसं झालं? मी वायर काढली तेव्हा माझा हात थरथरत नव्हता.

पुढचं पटकन सांगते. सुलभाने थोरल्या दिराला पुन्हा घराची पायरी चढू दिली नाही. मुलीला घेऊन ती वेंगुर्ल्याला माहेरी निघून गेली. सदूकाका पुन्हा बोटीवर गेले नाहीत. कुणी नेलंही नसतं. निजलेला तांडेल, असं त्यांच्या पाठीमागे म्हणत. पाठीमागे कसलं, तोंडावरही. ते लोकांची जाळी दुरुस्त करून देत आणि घरी जात.

पावसाळा लागला तसे मी जुने सगळे डबे बदलले. मालकांना सांगितलं, वर्षातून एकदा तपासलेले बरे. लोकांनी कौतुक केलं, पोरगी कामाला चोख आहे म्हणाले. आणि त्या वर्षी माझ्याकडे इतके लोक डबे मागायला आले की मला पुरवता येईनात. किनाऱ्यावर ऐकलेल्या त्या भोंग्यामुळे आले. सदूकाका स्वतः तांडेलांना पाठवायचे. जाळ्याची सुई बाजूला ठेवून सांगायचे, "तिचो डबो बसवन् घेवा. माणूस निजता."

हे कळलं त्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. सांगायचंच म्हणून गेले, शपथेवर. ते पडवीत एकटे बसले होते. मला बघून त्यांना बरं वाटलं — हे लक्षात घे, त्यांना बरं वाटलं. गावातलं दुसरं कोण जात होतं त्यांच्याकडे? मी म्हटलं, काका, त्या दिवसाबद्दल बोलायचं होतं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. म्हणाले, मी फार विचार केला. मला आठवतं मी जागा होतो, जाळ्याची गाठसुद्धा आठवते. पण झोपलेल्या माणसाला आपण झोपलो हे कुठे आठवतं?

"माझोच डोळो लागलो आसतलो," ते म्हणाले. "तुझा यंत्र कशाक खोटा बोलतला?"

मी आले तशी उठून घरी आले.

त्यांना त्यांच्या स्वतःच्या कानांपेक्षा माझ्या डब्यावर जास्त विश्वास होता. हे मला अजून समजत नाही. त्या वाक्याने बसलेला धक्का अजून उतरलेला नाही. मी त्यांच्यावर आळ येऊ दिला, हे मला माहीत होतं. पण त्यांची आठवणच त्यांच्याकडून काढून घेतली, हे तेव्हा कळलं. आणि कळल्यावरही मी उठून घरीच आले.

सदूकाका दोन वर्षांपूर्वी गेले. सुलभा आली नव्हती. ती आहे, वेंगुर्ल्याच्या मासळीबाजारात बसते. मुलगी आता मोठी झाली असेल. तिला लहानपणापासून सांगितलं असेल की काका झोपले आणि बाबा बुडाले.

भोंगा वाजला नव्हता. सदूकाका जागे होते. त्या किनाऱ्यावर हे त्यांच्याखेरीज फक्त मला माहीत होतं, आणि मी सगळ्यांसमोर उलटं सिद्ध करून दाखवलं.