पाया खोदणाऱ्याची नात

संघमित्रा रामटेके रोज पहिल्या तासाला नवा खडू मधोमध मोडत असे. अख्खा खडू फळ्यावर किंचाळतो, अर्धा गुमान चालतो, असं ती म्हणे. उरलेला अर्धा पर्समध्ये जाई. छत्तीसगडातल्या खुर्सीपारच्या एका खाजगी शाळेत तिची कित्येक वर्षं अशीच गेली.

घरी वडील हिरालाल, पोलादाच्या प्लान्टमधून रिटायर झालेले. त्यांच्याकडे सांगायला एकच गोष्ट होती. त्यांचा बाप भंडाऱ्याकडून आला तेव्हा इथे माळरान होतं; प्लान्टचा पाया त्याने खोदला. पाहुणा बसला की शेजारच्या सिंधुताई भिंतीपलीकडून ओरडत, "हिरालालभाऊ, पाया खोदून झाला का? चहा आणू?"

सरकारी शिक्षकभरती निघाली. संघमित्रा बी.एड. होती, पात्रता परीक्षाही पास होती. वय मात्र खुल्या वर्गाच्या मर्यादेपलीकडे गेलेलं. अनुसूचित जातीला वयात सूट होती, आणि ती धरूनही ही तिची शेवटची संधी होती. गुण चांगले पडले, यादीत नाव आलं. कागद तपासणीत तिने आजोबांच्या भंडाऱ्याकडच्या गावचं जातप्रमाणपत्र पुढे केलं. ते महाराष्ट्राचं; छत्तीसगडचं आणा, असं सांगण्यात आलं.

तहसीलीत ती वडिलांना घेऊन गेली. हिरालालनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता.

खिडकीतल्या बाबूने विचारलं, "काका, पिताजी यहाँ कब आए थे?"

हिरालाल ताठ झाले. "साहब, प्लान्ट की नींव मेरे बाप ने खोदी है. छप्पन में."

बाबूने पेन खाली ठेवलं. नियम असा, की पन्नास सालच्या ऑगस्टआधी ज्यांचं कुटुंब या हद्दीत राहत होतं, त्यांनाच इथल्या आरक्षणाचा दाखला. "तब तो नहीं बनेगा. आप लोग बाद में आए." त्याच्या आवाजात राग नव्हता.

"पन्नासमंदी प्लान्टच नव्हता," हिरालाल मराठीत म्हणाले. बाबूने पुढच्याला बोलावलं होतं.

परतताना स्कूटीवर मागे बसून त्यांनी विचारलं, "मी चूप राहिलो असतो तं?"

"तरी जुना कागद मागितलाच असता, बाबा."

"मंग मी कावून बोललो?"

रेल्वे फाटक बंद होतं. मालगाडी जाईपर्यंत तिने स्कूटी बंद करून ठेवली.

जिथे तिचा जन्म झाला तिथे ती खुल्या वर्गात गेली, आणि खुल्या वर्गात तिचं वय बसत नव्हतं. महाराष्ट्रात जात चालली असती, पण तिथली रहिवासी ती नव्हती. यादीतलं नाव निघालं. सोमवारी ती शाळेत गेली आणि तिने खडू मोडला.

हिरालालनी गोष्ट सांगणं बंद केलं. सिंधुताईंनीही टोमणा मारायचं सोडलं. मग एका रविवारी नागपूरचे पाहुणे आले. बैठकीत बसल्याबसल्या त्यांनी विचारलं, "तुम्ही मूळचे इथलेच का?"

हिरालाल खिडकीबाहेर पाहत राहिले. संघमित्रा आतून कप घेऊन आली आणि एक वडिलांच्या हातात दिला.

"सांगा न बाबा, पायाची गोष्ट. पण पहिले चहा घ्या, थंडा होऊन राहिला."